सेफ्टीसाहेबांची मोकळी वाट

माझे थोरले साडू एका रसायनांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. कारखान्याने त्यांना रीतसर निवृत्त केलं, पण त्यांनी कारखान्याला अजून निवृत्त केलेलं नाही. नात्यात आणि गल्लीत सगळे त्यांना सेफ्टीसाहेब म्हणतात. त्यांना तो मान वाटतो. ती चेष्टा आहे हे सांगायचं धाडस अजून कुणी केलेलं नाही.

नाटकाला गेले तर पडद्याआधी ते बाहेर पडायचं दार बघतात. हॉटेलात त्यांच्यामुळे आम्हाला नेहमी दाराशी बसावं लागतं, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याचे धक्के खात जेवण. त्यांच्या घरी गॅस पेटवणाऱ्याने आधी "बर्नर ऑन" असं मोठ्याने म्हणायचं असतं. माझी मेहुणी संसार सुरू झाल्यापासून म्हणते आहे.

"ताई, कंटाळा नाही येत?" मी एकदा विचारलं.

"येतो की. पण तो मी मनातल्या मनात म्हणते."

कारखान्यात साहेबांचा मंत्र एकच होता, वाट मोकळी. जाण्यायेण्याची वाट आखणाऱ्या पिवळ्या पट्ट्यांच्या आत कुणी रिकामा डबा जरी ठेवला तरी त्यांचा पारा चढायचा. त्यांच्या काळात तिथे मोठा अपघात झाला नाही, हे खरं आहे. त्याचं श्रेय ते स्वतःच इतक्या वेळा घेतात की मी वेगळं द्यायची गरज उरत नाही.

असा हा माणूस गेल्या वर्षी आमच्या सासूबाईंच्या घरात शिरला.

सासूबाई दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहतात. गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. नोकरीत त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या, त्यामुळे कुणाला जोडून द्यायचं आणि कुणाला ताटकळत ठेवायचं हे त्यांना पक्कं कळतं. त्यांच्या शेजारच्या बाई न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि मुलगा त्यांना आपल्या घरी घेऊन गेला. दाराला कुलूप लागलं ते लागलंच. ते कुलूप बघून दोन्ही लेकी आईला दिवसातून चारदा फोन करू लागल्या. साहेबांनी तातडीची बैठक बोलावली.

"आईंचं घर मी सेफ करून देतो," ते म्हणाले. "मग मॉक ड्रिल घेऊ. शिट्टी वाजल्यावर त्या आपल्या आपण दारापर्यंत आल्या तर राहू देत इथे. नाही तर आमच्याकडे हलवू."

"तुमच्याकडे?" सासूबाई म्हणाल्या. "जावईबापू, तुमच्याकडे शिंकायलासुद्धा परवानगी लागते."

"अचानक शिंकल्याने दुसरा दचकतो, आई," साहेब गंभीरपणे म्हणाले.

"मला काही नको. या घराचं दार मी माझ्या हाताने उघडते, माझ्या हाताने लावते. तेवढं मला राहू द्या."

साहेब कामाला लागले. न्हाणीघरात धरायला दांडे बसवले, खाली न सरकणारी रबरी चटई घातली, पलंगाशी हाताला येईल असं दिव्याचं बटण लावलं. यातलं एकही काम वावगं नव्हतं. इथे थांबले असते तर आम्ही त्यांचा सत्कार केला असता. पण इथे थांबणारा माणूस वेगळा असतो.

"या घरात वाट कुठे आहे?" ते खोलीच्या मध्यभागी उभे राहून म्हणाले. "कपाट, शिलाई मशीन, ही उंच पाठीची खुर्ची! नुसते अडथळे." कपाटाच्या एका कडेचा रंग पार उडाला होता आणि आतला पत्रा गुळगुळीत होऊन चमकत होता. साहेबांनी त्यावर बोट फिरवलं. "बघा, जुनं झालंय." तिथलाच रंग का उडाला, हे त्यांनी विचारलं नाही. खरं सांगायचं तर आम्हीही विचारलं नाही.

तिन्ही वस्तू आमच्या घरी येऊन पडल्या, कारण आमच्या घराची वाट मोकळी असावी असं साहेबांना कधी वाटलं नव्हतं. सासूबाईंच्या फरशीवर पलंगापासून न्हाणीघरापर्यंत आणि तिथून दारापर्यंत पिवळ्या पट्ट्या चिकटल्या. घराचा विमानतळ झाला. भिंतीवर कारखान्यातल्यासारखा फलक लागला, 'आजवर अपघात: शून्य'.

त्यानंतर सासूबाई बसल्या. सकाळी जाऊन पाहावं तर पलंगावर, संध्याकाळी जावं तरी पलंगावर. दारातल्या कुंड्या सुकल्या. स्वतःचा चहा कुणाला करू न देणारी बाई लेकीकडे चहा मागू लागली.

"आई, बरं नाही का?" माझ्या बायकोने विचारलं.

"बरी आहे. बसले आहे."

यापलीकडे त्या काही सांगेनात. चालता येत नाही असं म्हटलं असतं तर साहेबांनी तिथल्या तिथे त्यांची बॅग भरायला घेतली असती. साहेब मात्र खूश होते. "बघा, एकदासुद्धा अडखळल्या नाहीत!" जो माणूस चालतच नाही तो अडखळेल कशाला?

रविवारी सकाळी ड्रिल ठरलं. दोन्ही लेकी आणि दोन्ही जावई हजर झालो. साहेबांनी शिट्टी फुंकली. "आई, आग लागली आहे असं समजा!"

"समजले," सासूबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या.

"मग उठा ना!"

"कशाला धरून?"

"धरायचं कशाला? वाट मोकळी आहे!"

"वाट पायांना मोकळी आहे हो. मी पायांनी कुठे चालते? मी हातांनी चालते. या, इकडे या. इथे कपाट होतं. उभे राहा. तोंड भिंतीकडे करा."

साहेब गोंधळले, पण आज्ञा स्पष्ट असली की ती पाळायची सवय त्यांना होती. ते कपाटाच्या जागी उभे राहिले. सासूबाईंनी मला मशीनच्या जागी बोलावलं. "तुम्ही वाका जरा. मशीन एवढं उंच नव्हतं." माझी बायको खुर्ची झाली. मग सासूबाई उठल्या. एक हात साहेबांच्या खांद्यावर टेकला. साहेब डुलले.

"कपाट हलत नसे," सासूबाई म्हणाल्या.

पुढे माझ्या पाठीवर हात, मग लेकीच्या खांद्यावर आणि शेवटी दाराची कडी. ती त्यांनी स्वतः काढली, दार उघडलं, बाहेरची हवा घेतली आणि वळल्या.

"झालं तुमचं ड्रिल. आता काय ते ठरवा. सामान परत आणताय, की रोज तिघं येऊन उभे राहताय? येणार असाल तर मुक्कामालाच या. मला रात्रीही उठावं लागतं."

साहेब भिंतीकडे तोंड करून अजून कपाटच होते. एवढ्यात मेहुणी मोठ्याने म्हणाली, "आई पास!" इतक्या वर्षांत तिने मनातलं मोठ्याने म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

त्याच दुपारी सामान परत गेलं. साहेबांनी कपाट स्क्रूने भिंतीला पक्कं केलं. 'कपाट हलत नसे' हे वाक्य त्यांना चांगलंच लागलं असावं. हल्ली ते ज्येष्ठांच्या मंडळात 'अखंड आधार-साखळी' या आपल्या संशोधनावर व्याख्यान देतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा हात कुठे कुठे पडतो ते आधी बघा, मग सामानाला हात लावा, असं श्रोत्यांना बजावतात. हे कुणाकडून शिकले, ते वेळेअभावी राहून जातं.

स्क्रू तपासायला ते दर रविवारी सासूबाईंकडे जातात. बेल वाजवतात. आतून आवाज येतो, "होल्ड करा." मग कपाट, मशीन, खुर्ची असा सासूबाईंचा सावकाश प्रवास सुरू होतो आणि दार उघडेपर्यंत सेफ्टीसाहेब मोकळ्या वाटेवर उभे असतात.