डोरीनने हलायचं नाही

शनिवारी ऑर्व्हिल श्रॅगच्या घरात कोणी कुठे बसायचं, हे प्रेरी स्टेट कॉलेजचा गुणफलक ठरवत असे. आपल्या संघाचं नशीब उघडलं, की त्या क्षणी जो जिथे असेल त्याने तिथेच राहायचं. उठायचं नाही, सरकायचं नाही, लघवी लागली तरी कळ काढायची. ऑर्व्हिलचा बाप हेच करायचा, शेजारचा मर्ल अजून करतो, आणि पश्चिम कॅन्ससमधल्या आमच्या गावात याला वेडेपणा म्हणणारा माणूस मला तरी भेटलेला नाही.

ऑर्व्हिल स्वतः कॉलेजात कधी गेला नाही. शाळा संपली तसा गव्हाच्या कोठारावर कामाला लागला आणि एकेचाळीस वर्षं तिथली धूळ खात राहिला. पण सहा वर्षांचा असताना बापाने त्याला ट्रकमध्ये घालून फुटबॉलच्या मैदानावर नेलं होतं. तेव्हापासून पिवळ्या-काळ्या गांधीलमाश्या, म्हणजे आमचे हॉर्नेट्स, त्याच्या डोक्यात शिरल्या त्या शिरल्याच. लग्नाची तारीखसुद्धा त्याने संघाला सुट्टी असलेला शनिवार बघून काढली. "दुसरी कुणी असती तर अंगठी तोंडावर फेकली असती," असं डोरीन पुढे कौतुकानेच सांगायची. खरं तर तिला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. ती टीव्हीकडे बघायचीच नाही. नवऱ्याचा चेहरा बघून टाळ्या वाजवायची. सत्तेचाळीस वर्षं तिने त्याचं हे खूळ हसत पोसलं, आणि मला ऑर्व्हिलचा राग येतो तो याचसाठी.

ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी सामना बाहेरगावी होता, अकरा वाजता सुरू झालेला. घरात टीव्हीसमोर ऑर्व्हिल आणि मर्ल, स्वयंपाकघरात डोरीन. बाहेर वाऱ्याचा पत्ता नव्हता. पश्चिमेचं आभाळ सकाळपासून काळंनिळं होत चाललं होतं, आणि मर्लचा कुत्रा ट्रकखाली जाऊन बसला होता तो हाक मारूनही बाहेर येईना. दुसऱ्या क्वार्टरमध्ये हॉर्नेट्स चौदा गुणांनी मागे पडले. मर्लने टोपी काढून जमिनीवर आपटली.

डोरीन चिलीचा, म्हणजे खिमा-राजम्याच्या तिखट रश्शाचा, वाडगा घेऊन दारापर्यंत आली आणि थबकली. तिला गरगरल्यासारखं झालं. फडताळाजवळच्या स्टुलावर ती कशीबशी टेकली आणि वाडगा तिच्या डाव्या हातातून निसटला. नेमक्या त्याच क्षणी हॉर्नेट्सच्या एका पोराने समोरच्याचा चेंडू हिसकावला आणि साठ यार्ड धावत जाऊन, चेंडू रेषेपार नेऊन टचडाउन केला.

"हलू नकोस!" दोघे एकदम ओरडले.

"अरे, चिली सांडलीय सगळी."

"सांडू दे गं! तू जागची हलू नकोस."

"ऑर्व्ह, माझा हात मेल्यासारखा झालाय रे."

"अवघडला असेल. जरा कळ काढ."

"डोरीन, आता उठलीस तर गावात तोंड दाखवू देणार नाही हं तुला!" मर्ल म्हणाला.

डोरीन हसली. तिचं अर्धंच तोंड हसलं. ऑर्व्हिलने ते पाहिलं. पाहिलं, आणि मान वळवून टीव्हीकडे केली. मध्यंतरापर्यंत संघाने बरोबरी साधली होती.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये तिकडच्या मैदानावर वीज कडाडली. पंचांनी खेळाडूंना आत पाठवलं आणि पडद्यावर रिकामी बाकं दिसू लागली. हा थांबा तासावर चालला. एवढ्या वेळात माणूस पन्नास मैलांवरच्या हॉस्पिटलात जाऊन पोचतो. शेवटी मर्ललाच राहवेना.

"ऑर्व्ह, सामना थांबलाय. तिला जरा आडवी तरी करू या."

"थांबलाय. संपलेला नाही."

"तिचा रंग बघ रे."

"मर्ल, सत्तावन्न साली बाप माझा अशाच थांब्यात उठला होता. काय झालं ठाऊक आहे ना?"

मर्लला ठाऊक होतं. गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं, की जिंकत आलेला सामना त्या दिवशी हातचा गेला. तो पुन्हा टीव्हीकडे वळला.

ऑर्व्हिलने मात्र बायकोच्या पाठीशी उशी लावली, गुडघ्यांवर गोधडी टाकली. पाण्याचा पेला ओठांना लावला, तर पाणी कोपऱ्यातून खाली ओघळलं. त्याने टॉवेलने तिची हनुवटी पुसली. ती काहीतरी म्हणाली. शब्द कळले नाहीत, आणि पुन्हा विचारायची त्याची छाती झाली नाही. "थोडंच राहिलंय आता," तो म्हणाला. हे तिला सांगितलं की स्वतःला, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

खेळ पुन्हा सुरू झाला. शेवटी बरोबरीच राहिली, म्हणून जादा वेळ. खिडकीबाहेर दिवसाढवळ्या अंधारून आलं. चार वाजून गेल्यावर हॉर्नेट्स जिंकले आणि मर्ल खुर्चीवर उभा राहून नाचू लागला. ऑर्व्हिल धावत स्टुलापाशी गेला. डोरीन फडताळाला टेकून कलली होती. डोळे उघडे होते, त्याच्या चेहऱ्यावर खिळलेले. उजव्या हाताने ती आपल्याच मांडीवर थापट्या मारत होती. दुसरा हात उचलत नव्हता, म्हणून एकाच हाताने टाळ्या वाजवत होती.

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत आपणच पोचू, म्हणून त्यांनी तिला मर्लच्या ट्रकमध्ये घातलं. गावभर मोटारी भोंगे वाजवत फिरत होत्या. वेशीबाहेर पावसाने गाठलं, पुढचा रस्ता दिसेना. पन्नास मैलांना तास लागला.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी तिचा हात उचलून सोडला. तो धपकन पडला. तिला आत नेऊन मेंदूची तपासणी झाली आणि बाई घाईने बाहेर आल्या.

"मेंदूत गुठळी आहे. ती विरघळवणारं औषध आहे आमच्याकडे, पण सुरुवातीपासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. उशिरा दिलं तर रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो. मिस्टर श्रॅग, नक्की कधी सुरू झालं?"

"तासाभरापूर्वी," असं ऑर्व्हिलच्या अगदी जिभेवर आलं होतं. मर्ल ट्रक लावायला गेला होता. खोटं पकडणारं तिथे कोणी नव्हतं. एक शब्द, आणि औषधही मिळालं असतं, लाजही राखली गेली असती. सुई तयार ठेवून नर्स त्याच्याकडे बघत होती. तिच्या गळ्यात आमच्याच पिवळ्या-काळ्या रंगाचा रुमाल होता. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून गेले होते.

"दुसरा क्वार्टर," तो म्हणाला. "साठ यार्डांचा टचडाउन झाला ना, तेव्हा."

नर्सचा हात थांबला. डॉक्टरीणबाईंना काही उमगलं नाही. त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"बारा-सव्वाबारा," नर्स हळूच म्हणाली. "ते विजांच्या आधीचं आहे, मॅडम."

डॉक्टरीणबाईंनी नकारार्थी मान हलवली. नर्सने सुई ट्रेमध्ये परत ठेवली.

"काका, तुम्हाला कळलंच नाही का?" तिने विचारलं.

"कळलं होतं," ऑर्व्हिल म्हणाला. "आपण जिंकत होतो."