शुक्रवारचं डुक्कर

थू! आठवलं तरी तोंडाची चव जाते.

रोसांदा आमच्या गावच्या शाळेतली स्वयंपाकीण. एकटी बाई, उभी हयात दुसऱ्यांची पोरं जेवू घालण्यात गेली. संत सावा म्हणजे आमच्या शाळांचा कैवारी; त्याच्या सणाला शाळेची पवित्र भाकर दरवर्षी तीच भाजायची, पण पाद्रीबाबांसोबत ती मोडायचा मान यजमानाचा. तो मान एकदा तरी मिळावा, एवढीच तिची हौस. यंदा शेवटची संधी होती. पोरंच उरली नाहीत, म्हणून उन्हाळ्यात शाळेला कुलूप लागणार होतं. गावानं तिला शब्द दिला. मग रादिसाव वखारवाला म्हणाला, सगळा खर्च माझा, यजमानही मीच. झालं, गावानं शब्द गिळला!

सण आला शुक्रवारी. शुक्रवारी मांस, दूध, अंडं वर्ज्य, हे आमच्यात शेंबडं पोरही जाणतं. रोसांदानं तेलातला घेवडा केला. आणि या दिवट्यानं आणलं अख्खं भाजलेलं डुक्कर! ज्या सावा राजपुत्रानं राजवाड्यावर पाणी सोडून मठातली कोरडी भाकर गोड मानली, त्याच्याच शाळेतल्या तसबिरीखाली ठेवलं.

"अरे मेल्या, आज वार कुठला?" मी ओरडले.

"काकू, सणाला सगळं माफ!" म्हणत त्यानं कुरकुरीत कातडं तोडलं. चरबी हनुवटीवरून ओघळली. पाद्रीबाबांनी तोंड फिरवलं. देवळाच्या छपराला रादिसावच्याच फळ्या लागणार होत्या ना! मला किळस आली ती डुकराची नव्हे, या माणसांची.

तसल्याच बरबटलेल्या हातांनी तो भाकरीकडे वळला. रोसांदानं ती छातीशी धरली.

"आधी हात धू."

"अगं मावशे, देव हात बघतो की मन?"

सगळे खिदळले.

"मन दिसलंच तुझं," म्हणाली आणि भाकर घेऊन चालू लागली. एकानंही अडवलं नाही. बेकरीतला पाव आणून त्यांनी तोच मोडला.

मी तिच्या मागोमाग घरी गेले. तिनं मेणबत्ती लावली. भाकर एकट्यानं मोडत नाहीत.

"धर गं तिकडून," ती म्हणाली.

आम्ही भाकर फिरवली, वर वाइन ओतली, मोडली. शाळा वाचावी म्हणून कचेरीच्या पायऱ्या झिजवलेली बाई ही. तुकडा हातात घेऊन म्हणाली, "बंद होतेय तेच बरं. पोरं आपल्याकडून हेच शिकली असती."