ईशान्येचा कोपरा

इंग्लंडमधील त्या आखूड गल्लीत घरे एकमेकांना इतकी खेटून उभी आहेत, की एका घराची भिंत तीच शेजारच्याचीही भिंत. मुलगा आणि सूनबाई त्यांतले एक घर विकत घेऊ पाहत होते. ते पाहायला निघताना सूनबाईने मला बजावले, "बाबा, आज दिशा-बिशा बघत बसू नका हं. आधीची दोन घरं तुमच्या वास्तुशास्त्रापायीच हातची गेली."

मी मान डोलावली. परंतु आत शिरताच दृष्टी सवयीने ईशान्येकडे वळली. तिथे एक झिजलेली खुर्ची होती. घर विकणाऱ्या वृद्ध बाईंनी माझी नजर टिपली.

"हे काय शोधताहेत?"

मुलगा ओशाळून म्हणाला, "देव कुठे मांडायचे, ते."

सूनबाईने डोळे मिटून घेतले.

"तिथे माझे यजमान बसायचे," बाई म्हणाल्या. "येणारा प्रत्येक जण खुर्चीमागची ती स्वयंपाकघराची भिंत पाडायचंच बोलतो. म्हणून आजवर कुणाला होकार दिला नाही."

शास्त्र देवांची दिशा सांगते. परंतु ती जागा कोणाच्या मनातून रिकामी व्हावी लागते, याविषयी ते मौन बाळगते.

"देवांसाठी असेल तर चालेल," म्हणत बाई उठल्या आणि खुर्ची ओढू लागल्या. मुलगा मदतीला धावला.

"नको. ही मीच हलवणार."

खुर्चीखालचा गालिच्याचा चौकोन अजून नव्यासारखा होता. त्यावर पाऊल पडू नये म्हणून आम्ही सर्व जण समोरच्या भिंतीच्या कडेकडेने बाहेर आलो.