शीशीची पोकळ गिटार

दारूच्या थेंबालाही न शिवलेल्या त्या गिटारवाल्याला अख्खा बँड 'शीशी' म्हणायचा. कारण एकच, दर दोन वाक्यांमागे त्याचं 'शी!' ठरलेलं. कपाचा कान चिकट लागला, शी! मेकअपच्या खोलीतला सगळ्यांचा कंगवा, शी शी! पण माणूस लाखातला. नाचाच्या हॉलमागची ती खोली, घामाने आंबलेले कोट, शिळ्या सिगारेटींचा भपकारा; त्यातून नाक दाबून तो रंगमंचावर यायचा आणि असा हसायचा, जणू आत्ताच न्हाऊन आलाय!

खरी शिसारी त्याला बँडच्या सामायिक गिटारीची. आज हा वाजवणार, उद्या तो. तारांवर काळा मळ, दांडीवरच्या पडद्यांच्या कडेला कोणाकोणाच्या बोटांचा हिरवट थर. अर्धी हयात त्याने ती पुसून पुसून वाजवली, आणि उतारवयात एकदाची स्वतःची घेतली. विजेवर वाजणारी पण पोकळ पोटाची, मधाच्या रंगाची, अंगावर दोन वळणदार छिद्रं.

बँडमास्तरांनी ती पाहून तोंड वाकडं केलं. "पोकळ आहे रे. मोठ्या स्पीकरपुढे घुमून हंबरेल. शनिवारी हिने कार्यक्रम बुडवला, तर पुन्हा आपली जुनीच. कायमची!"

जुनीच! शीशीच्या अंगावर काटा आला.

घरी त्याने पलंगावर धुतलेली चादर अंथरली, हात साबणाने घासले आणि दुकानात दहाजणांनी हाताळलेल्या तारा बदलायला घेतल्या. एक काढायची, तिथे नवी चढवायची, मगच पुढचीला हात. तारा ज्या लाकडी घोडीवरून जातात, ती या गिटारीला चिकटवलेली नव्हती. तारांच्या दाबाखालीच ती उभी होती.

"एकदम काढा की सगळ्या," बायको म्हणाली. "मेथी निवडताय का?"

"सगळ्या काढल्या तर घोडी पळेल."

"अगंबाई! मग दाराला कडी घालू?"

तेवढ्यात शेजाऱ्यांनी हाक मारली म्हणून तो बाहेर गेला. परत येऊन बघतो तर गिटार उघडीबोडकी, घोडी उशीवर आडवी आणि बायको फडक्याने गिटारीचं पोट पुसतेय. इतकी वर्षं याच्याबरोबर काढून तिलाही पुसायचा रोग जडला होता.

"अहो, तारांखाली केवढी धूळ होती! शी!"

आता ओरडणार कोणावर? त्याने पुन्हा हात धुतले. घोडी अंदाजाने ठेवून सगळ्या तारा चढवल्या. मग मोकळी तार छेडायची, तीच मधल्या पडद्यावर दाबून छेडायची. वरचा सूर चढा लागला की घोडी केसभर मागे, उतरा लागला की पुढे. दिवे लागेपर्यंत एकेक तार सुरात आली. बायकोने चहा ठेवला, कप दोनदा विसळून.

शनिवारी हॉल गच्च भरला. पहिल्याच गाण्यात शीशीने आवाज वाढवला आणि गिटार हंबरली! नाचणाऱ्या जोड्यांनी कानांवर हात ठेवले. मास्तरांनी हसतमुखाने गाणं आवरलं आणि दातांतल्या दातांत म्हणाले, "जुनी काढ."

"पोटात कापड कोंबा हो, शीशीभाऊ," मागून ढोलवाला कुजबुजला. "घुमायची थांबेल."

शीशीने खिसे चाचपले. चिमुकला रुमाल, त्याने काय होणार? ढोलवाल्याने मानेवरचा टॉवेल पुढे केला. ओला, पिवळट, आठवडाभराच्या घामाचा आणि तेलाचा. शीशी दोन पावलं मागे सरकला. कोपऱ्यात जुनी गिटार मळकट तारा दाखवत उभी होती. त्याने डोळे मिटले, श्वास रोखला आणि ढोलाच्या काठीने तो टॉवेल छिद्रातून आत, पार आत ढकलला.

मग मात्र गिटार गायली! उबदार, गोल, मधाळ. रात्रभर त्या छिद्रांतून आंबूस वास वर येत होता आणि शीशी रडवेल्या डोळ्यांनी हसत वाजवत होता. शेवटच्या टाळ्यांत मास्तरांनी पाठ थोपटली. "हीच आणत जा."

सामान आवरताना ढोलवाला आला. "टॉवेल द्या की, भाऊ. घरी नेऊन धुतो तरी."

शीशीने गिटार छातीशी धरली. "खबरदार! धुतल्यावर आवाज बदलला म्हणजे?"