खाचेवरची चिकटपट्टी

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही, आणि आता ती नाही. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा आता सांगायला दुसरं कोणी उरलं नाही म्हणून.

लक्ष्मीपुरीत माझं टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. कागलच्या एमआयडीसीत मशीन बसवायला आलेला एक परगावचा इंजिनिअर सकाळी त्याचा बटण अडकणारा वॉकमन टाकून गेला. संध्याकाळी नेतो म्हणाला, मग लगेच त्याची परतीची गाडी होती. आत त्याचीच कॅसेट होती. मी ती लावली आणि वाटलं, मोटर मंद झालीय. ठेका पाय ओढत चाललेला. वर जुन्या रेकॉर्डवर सुई खरखरते तसा आवाज. मी हेड पुसलं. मोटरचा स्क्रू फिरवून वेग वाढवला, तर गाणारी बाई चिमणीसारखी चिवचिवायला लागली! स्क्रू मुकाट्यानं परत जागेवर आणला. मोटरमध्ये बिघाड नव्हताच. ठेका मुद्दाम मंद होता. खरखर मुद्दाम ठेवलेली होती.

आवाजातली खरखर काढून द्यायची, हे माझं पोट. आणि इथं कोणीतरी ती जपून ठेवली होती. खाली बेसची एकच जाड ओळ फिरत होती, मधेच व्हायोलिनं उठून विरून जात होती, आणि त्या सगळ्यात ती बाई — कोणी ऐकावं अशी अपेक्षाच नसल्यासारखी गात होती. इंग्रजी मला फारसं येत नाही. तरी स्टूलवर बसून राहिलो. भरल्या घरात, भरल्या बाजारात मला जे एकटं वाटायचं, ते हिला कुठून कळलं?

मला ते हवं होतं. त्याच दिवशी हवं होतं.

तुम्ही म्हणाल, एवढंच? नाही. एवढंच असतं तर कशाला लिहिलं असतं?

सोमवार होता, बाजार बंद. मी शटर अर्धं ओढून काम करत होतो. दुकानात एकही कोरी कॅसेट नव्हती. फळीवर इराप्पाची होती.

इराप्पा माझा मित्र, कबनूरचा. त्याचे तिथं यंत्रमाग होते. त्याची बायको गंगव्वा हळदीची गाणी म्हणायची — अर्धी कानडी, अर्धी मराठी. कोणाकडेही हळद असली की तिला बोलावणं जायचं. माझ्या पुतणीच्या हळदीत मीच तिची गाणी टेप केली आणि कॅसेट इराप्पाला दिली. नंतर गंगव्वा आजारात गेली. आता त्यांच्या मुलीचं, महानंदाचं लग्न ठरलं होतं, आणि इराप्पा ती कॅसेट घेऊन आला होता.

"दत्ता, जरा साफ करून दे रं. जगाच्या पोरींच्या हळदीला म्हटलं तिनं, आपल्या पोरीच्याच न्हाय. टेपवर तरी म्हनंल की."

कॅसेटच्या वरच्या कडेला प्लॅस्टिकचे दोन बारीक तुकडे असतात, एकेका बाजूचा एकेक. तो मोडला की त्या बाजूवर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही, बटणच दबत नाही. या कॅसेटचे दोन्ही तुकडे मोडलेले होते. मीच मोडले होते, गंगव्वाचा आवाज पुसला जाऊ नये म्हणून.

पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की ते चुकून झालं. चुकून कसं होईल? वर दुसरं भरायचं तर तुटलेल्या खाचेवर चिकटपट्टी लावावी लागते. मी ती कात्रीनं मापात कापली. अंगठ्यानं दाबली.

दोन्ही बाजूंना गाणी आहेत, एक गेली तरी हळदीला दुसरी पुरेल, असं मी धरून चाललो. लावून बघितलं नाही. तिचा आवाज कानावर पडला असता, तर माझ्यानं बटण दाबवलं नसतं.

कॅसेटची ती बाजू भरत आली होती, तेवढ्यात इंजिनिअर आला. मी घाईनं बटण बंद केलं, त्याला वॉकमन दिला. मग दुसरी बाजू लावली. वरातीचा बँड. सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसता बँड.

परत पहिली बाजू. परदेशी बाई अर्ध्या ओळीत तुटते — खट् — आणि गंगव्वा सुरू होते. एक गाणं शिल्लक राहिलं होतं. बांगड्या वाजतात, बायका हसतात, आणि मागून इराप्पाचा आवाज: "अगं, दम खा की जरा!"

ते गाणं मी त्याला देऊ शकलो असतो. पण मग आधीची कुठं गेली, ते सांगावं लागलं असतं.

"आतल्या पट्टीला बुरशी लागलीय," इराप्पा आल्यावर मी म्हणालो. "आवाज उठत नाही."

"मीच ट्रंकंत ठिवली. ओल धरली आसंल. तू तरी काय करनार रं?" तो म्हणाला, आणि उलट मलाच चहा पाजला. कॅसेट तिथंच सोडून गेला.

हळदीच्या दिवशी पिवळ्या अंगानं महानंदा आईचं विचारायला माझ्याकडं आली. "काका, अव्वाच्या गाण्याची एक वळ तरी ऱ्हायली न्हाय का?"

"नाही गं बाळ," मी म्हणालो. कॅसेट माझ्या दुकानाच्या खणात होती.

दोन हजार सालानंतर नेट कॅफेत एकानं शोधून दिलं — या संगीताला ट्रिप-हॉप म्हणतात. परदेशातल्या एका बंदराच्या गावात तयार झालेलं. बेटांवरून आलेल्या लोकांचा बेस आणि घुमारा, अमेरिकेतला रॅपचा ठेका, जॅझ, आणि जुन्या रेकॉर्डींवरून उचललेले तुकडे. कोणाचा तरी विसरलेला आवाज घ्यायचा आणि नव्या गाण्यात नीट बसवायचा. हे वाचून मी कॅफेतून उठून बाहेर आलो. सांगा, दुसरं काय करणार होतो?

इराप्पा दुकानात येत राहिला. एकदा मी तीच कॅसेट ऐकत असताना आला.

"मशीन बिघडलंय व्हय रं? वीज कमी आली की माग आसाच चालतोय."

पण बसला. हळूहळू गुडघ्यावर बोटं वाजवायला लागला. "ही बाई लई एकली हाय जनू," म्हणाला. शेवट जवळ आला तसा मी हात पुढं केला.

"ऱ्हाऊ दे की. बंद का करतोस?"

"संपली," मी म्हणालो.

त्याच्या बायकोचा आवाज त्याच्यापासून काही सेकंदांवर होता. त्याचा स्वतःचासुद्धा. तो मान डोलवत होता, आणि मी बटण दाबलं. त्यानंतरही तो अनेकदा म्हणायचा, "ती म्हशीगत चालनारी कॅसेट लाव की." मी लावायचो. दर वेळी वेळेवर बंद करायचो.

इराप्पाला जाऊनही आता वर्षं झाली. दुकान नाही. ती कॅसेट मी एकटाच ऐकतो, आणि शेवटपर्यंत ऐकतो. मला ते संगीत आवडायचं थांबलं नाही. हेही सांगायला हवं होतं.

महानंदा निपाणीला असते. या लिखाणाची एक प्रत आणि कॅसेट दोन्ही तिला पाठवतोय. खाचेवरची चिकटपट्टी पिवळी पडलीय, ती मी काढलेली नाही. तिनं हळदीच्या अंगानं विचारलं होतं, अव्वाची एक ओळ तरी राहिली नाही का.

राहिली होती. एक ओळ नाही, अख्खं गाणं.