खोडलेली ओळ

साळवे गुरुजी गेल्याचं मला राजूरच्या गाडीच्या कंडक्टरनं सांगितलं. दर शनिवारी ते संगमनेरला, आमच्या कॉलेजच्या संगणक कक्षात यायचे. अमेरिकेतल्या लेकीचं, माधुरीचं ईमेल वाचायला. त्या शनिवारी ते आले नव्हते आणि मला, खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं होतं. त्याची लाज अजून जात नाही.

आमच्या काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं दिसत. माधुरी मात्र पत्र नटवून पाठवायची, ठळक अक्षरं काय, रंग काय... त्या नटण्याच्या खुणा इथे ओळीओळीत टोकदार कंसांमध्ये घुसत आणि इंग्रजी अक्षरांतलं तिचं मराठी त्यात हरवून जाई. गुरुजी पत्र छापून घेत आणि लाल पेनानं एकेक खूण खोडत बसत. म्हणायचे, "जन्मभर पोरांच्या वह्या तपासल्या, सर. ही तर आपलीच पोरगी." पण त्यात दोन-दोन तास जात, परतीची गाडी चुके, आणि घरी त्यांच्या पत्नी, माई, अंथरुणाला खिळलेल्या. मला बघवेना. मग पत्र उघडताच साऱ्या खुणा गाळून स्वच्छ मजकूर दिसेल अशी सोय मी केली. गुरुजींनी माझे दोन्ही हात धरले.

दिवाळीआधीच्या पत्रात होतं, 'डिसेंबरमध्ये येतेय.' खाली, नव्या २००० सालापायी ऑफिसात संगणकांची फार धावपळ आहे, एवढंच. गुरुजींनी कक्षभर पेढे वाटले. दोन दिवसांनी सोय तपासायला मी मूळ पत्र उघडलं. येण्याच्या त्या वाक्याच्या दोन्ही टोकांना कंसात आडव्या रेघेची खूण होती, म्हणजे माधुरीनं ते खोडलं होतं. यायची इच्छा तरी कळावी म्हणून तिनं ते पुसलं नव्हतं, खोडून तसंच ठेवलं होतं. माझ्या सोयीनं खुणांबरोबर ती रेघही गाळली होती.

सांगायला हवं होतं. दर शनिवारी ठरवायचो. पुढे नवी पत्रं येईनाशी झाली, तरी गुरुजी यायचे, तेच पत्र उघडायला लावायचे आणि म्हणायचे, "तुमच्यामुळं वाचता येतंय, सर." मी नुसती मान डोलावून कळफलकाकडे वळायचो. कक्षाला दार एकच, आणि त्या दाराशी खुर्ची टाकून गुरुजी बसलेले. असे पाच शनिवार गेले.

दहाव्यानंतर राजूरला गेलो. माईंच्या खाटेशी बसून सगळं ओकून टाकलं.

"आमाला ठावं हुतं, सर," माई म्हणाल्या. "त्याच आठवड्यात शेजारी पोरीचा फोन आल्ता, रजाच बंद केल्यात, ती ओळ खोडली हुती म्हनून. मंग ती फोनच करायची."

"मग गुरुजी दर शनिवारी...?"

"सरांना चूक कळलीया, हे म्हनले. लई गप्प झालेत, एकटं कसं सोडायचं?"