तोफ गप्प बसायला शिकली

"सुई तुमच्याच वॉर्डातून आली!"

"सिद्ध कर."

"सिद्ध काय करायचंय? पोरीच्या बोटातून रक्त येतंय, ते काय मी कुंचल्याने रंगवलंय?"

"तुमच्या बायका हातमोजे घालत नाहीत आणि बोंब आमच्या नावाने!"

हे भांडण मी ओल्या चादरींच्या आड उभी राहून ऐकलं. वन्सं डबा विसरून कामाला गेल्या होत्या, तो पोचवायला मी मोठ्या दवाखान्याच्या लाँड्रीत गेले होते. वाळवणीच्या खोलीत दोरीवर चादरीच चादरी, आणि खालच्या फटीतून मला दिसत होते फक्त पाय. रबरी बूट वन्संचे. पांढरे कापडी बूट पुरुषांच्या वॉर्डाच्या मुकादमांचे. दोन्ही जोड एकमेकांच्या इतके जवळ आले की मी डब्याची कडी घट्ट धरली. म्हटलं, वेळ आलीच तर मुकादमांच्या डोक्यात हाच घालता येईल. जड होता, आत आमटी होती.

"तुझ्या तोंडाला कोण लागणार! तोफ कुठली!" असं म्हणून पांढरे बूट तरातरा निघून गेले.

तोफ हे नाव काही मुकादमांनी ठेवलेलं नव्हतं. सगळा दवाखाना वन्संना मागून तोफच म्हणायचा. तोंडावर म्हणायची छाती त्या दिवशी पहिल्यांदा झाली, एवढंच.

आमच्या वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्याबरोबरच राहिल्या. विसाव्या वर्षी लाँड्रीत लागल्या. तिथे एका भिंतीशी धुण्याची तीन मोठी यंत्रं आणि दुसऱ्या भिंतीशी वाफेची इस्त्री. दिवसभर इतका खडखडाट की शेजारणीलाही हाक मारायची तर घसा फाडावा लागतो. त्यामुळे तिथल्या बावीसजणी घरीसुद्धा ओरडूनच बोलायच्या. वन्संनी साधं "मीठ दे" म्हटलं तरी आमची पोरं दचकायची. वॉर्डातलं नेमकं उलटं. तिथे पेशंट झोपलेले, त्यामुळे सगळे दबक्या आवाजात बोलणारे. लाँड्रीला वाटायचं, वॉर्डवाले सदा कुजबुजत कसली तरी कारस्थानं करतात. वॉर्डाला वाटायचं, लाँड्रीवाल्या सदा भांडायलाच येतात. वर्षानुवर्षं हेच चाललेलं.

त्या वर्षी मात्र चादरींतून सुया येण्याचे प्रकार तीन झाले. तिसरी टोचली ती निवडणारीला. निवडणारी म्हणजे वॉर्डातून आलेली गाठोडी सोडून कपडे वेगळे करणारी. भांडणं वाढली, चादरी वेळेवर पोचेनात. शेवटी दवाखान्याच्या साहेबांनी दोन्हीकडच्या माणसांना बोलावून सरळ सांगितलं, "दोन महिन्यांत एकत्र बसून हे मिटवा. नाहीतर लाँड्री बंद करतो आणि कपडे बाहेर धुवायला देतो."

बावीसजणींच्या पोटावर पाय. त्यातल्या निम्म्याअधिक बायकांच्या घरी दुसरं कमावतं माणूस नव्हतं. त्या दिवशी वन्सं घरी आल्या आणि जेवताना कुणावरच ओरडल्या नाहीत. तेव्हाच मी ओळखलं की गोष्ट साधी नाही.

साहेबांनी आधी बाहेरून एक प्रशिक्षक आणले. कोट, गळ्यात ओळखपत्र, हातात एक पिवळा चेंडू. म्हणाले, चेंडू ज्याच्याकडे टाकाल त्याचं एक चांगलं वैशिष्ट्य सांगा. लाँड्रीतल्या एकीने तो मुकादमांच्या छातीवर असा हाणला की ते खोकत बसले. "यांचं वैशिष्ट्य म्हणजे यांना नेम चुकवता येत नाही," ती म्हणाली. तासाभरात सगळे उठून गेले. प्रशिक्षक चेंडू शोधत राहिले.

मग दवाखान्याच्या मेट्रनबाई म्हणाल्या, बाहेरचा माणूस नको, आतल्याच कुणीतरी ही बैठक घ्यावी. लाँड्रीवाल्यांनी वन्संना पुढे ढकललं.

"ह्या?" मुकादम म्हणाले. "आग लावणारीलाच बंब चालवायला देताय?"

मेट्रनबाईंनी अट घातली. बैठक वन्सं घेतील, पण आधी सहा दिवसांचा वर्ग करून येतील. माणसांची बैठक कशी घ्यायची याचासुद्धा वर्ग असतो, हे मला तेव्हा कळलं. आमच्याकडे माणसं बसतात, बोलतात, भांडतात आणि उठतात. त्यात शिकवायचं ते काय?

पहिल्याच दिवशी वन्सं चिडून घरी आल्या. "अगं, तिथली बाई मला म्हणते, तुम्ही प्रश्न विचारता आणि उत्तरही तुम्हीच देऊन टाकता. मी म्हटलं, मला माहीत असतं म्हणून देते. तर सगळा वर्ग हसला."

दुसऱ्या दिवशी शिकून आल्या की प्रश्न विचारला की थांबायचं. मनात दहापर्यंत मोजायचं. तिसऱ्या दिवशी शिकल्या की माणूस जे बोलतो ते फळ्यावर त्याच्याच शब्दांत लिहायचं, आपल्या शब्दांत नाही. खुर्च्या गोल मांडायच्या आणि दार कुणाच्याही पाठीशी येऊ द्यायचं नाही. हे सगळं सोपं वाटतं. करून बघा.

सराव करायला घर होतंच. न्हाणीघराचा नळ कोण उघडा ठेवतं यावर आमची बैठक घेतली. आम्हा पाचजणांना गोल बसवलं, दार डावीकडे.

"यावर तुम्हाला काय वाटतं?" वन्संनी भावाला विचारलं.

"अक्का, मला वाटतं की मला ऑफिसला उशीर होतोय."

वन्सं दहापर्यंत मोजू लागल्या. चारलाच फुटल्या. "नळ तूच उघडा ठेवतोस! लहानपणापासून!"

"झालं," हे म्हणाले. "चारवर बाद."

मग वन्संनीच एक युक्ती काढली. कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा हातात ठेवायच्या आणि बोलावंसं वाटलं की तो करंगळीला लावायच्या. आठवडाभरात करंगळी वांग्यासारखी झाली. पण दहापर्यंत मोजता यायला लागलं.

बैठकीच्या दिवशी तीस माणसांच्या चहाचं काम मी मागून घेतलं, म्हणजे मला आत बसता आलं. दवाखान्याच्या मागच्या दालनात वन्संनी सकाळीच खुर्च्या मांडल्या होत्या, मधे जुनं फळकूट आणि खडू. माणसं मिसळून बसावीत म्हणून त्यांना चार गट करायचे होते. दवाखान्याने ओळखीचे बिल्ले काही दिले नाहीत. वन्संनी लाँड्रीतून गाठोडी बांधायच्या रंगीत फिती आणल्या आणि दारात येईल त्याच्या मनगटावर एकेक बांधली. पहिल्या आठजणांना लाल. पहिले आठ आले ते सगळे वॉर्डाचे, मुकादमांसकट, कारण वॉर्डवाले वेळेवर येतात.

दवाखान्यात लाल फितीचा अर्थ एकच. लाल फितीचं गाठोडं म्हणजे संसर्गाचे कपडे, उघड्या हाताने शिवायचं नाही. तीस वर्षं लाल फिती सोडणाऱ्या बाईला त्या सकाळी हे सुचलं नाही. तिच्या डोक्यात फक्त खुर्च्या होत्या.

मुकादमांनी मनगट वर केलं. "बघितलंत? आम्हाला काय बांधलंय ते बघितलंत?"

एक आया फीत दातांनी तोडायला लागली. "आम्ही घाणीची गाठोडी का?"

"बोलावून अपमान करायचा!"

"अहो, चुकून झालं असेल," लाँड्रीतली एक म्हणाली.

"तुमचं नेहमीच चुकून होतं!"

लाँड्रीची बाजूही उठली. कुणी कुणाच्या आईबापावर गेलं. किटलीच्या मागे मी दबकून बसले. माझं लक्ष वन्संकडे. आता तोफ धडाडणार आणि बावीसजणी घरी बसणार, हे मला समोर दिसत होतं. वन्संचा चेहरा लालबुंद, चिमटा करंगळीवर.

त्या वळल्या आणि खडू उचलून फळ्यावर लिहिलं. मोठ्याने बोलत लिहिलं. "आम्ही घाणीची गाठोडी का?" मग खाली, "बोलावून अपमान करायचा!" अक्षर गिचमिड, पण ठळक.

"माझी चूक आहे," त्या म्हणाल्या. एवढंच. फिती कशा मिळाल्या, का बांधल्या, काही नाही. "आणखी?"

भांडायला आलेल्या माणसाला "आणखी?" म्हटलं की तो जरा अडखळतो. मुकादम मात्र अडखळणारे नव्हते.

"आणखी? लिहा. लाँड्रीवाल्या खोटारड्या आहेत. सुयांबद्दल आम्हाला कुणी कधी सांगितलं नाही. एकदम साहेबांकडे चुगली. लिहा!"

मी किटलीचं झाकण धरलं. कुणी सांगितलं नाही? मी स्वतः चादरींच्या मागे उभी होते! वन्संनी गळा फाडून सांगितलं होतं. धादांत खोटं, आणि तेही त्यांच्या तोंडावर.

वन्संचा खडू फळ्याला टेकला आणि तिथेच थांबला. चिमटा त्यांनी इतका दाबला की त्याची तार निसटली आणि दोन तुकडे जमिनीवर पडले. मग त्यांनी लिहिलं. "सुयांबद्दल आम्हाला कुणी कधी सांगितलं नाही." स्वतःविरुद्धचं खोटं, स्वतःच्या हाताने, एकही शब्द न बदलता.

"यावर कुणाला काय वाटतं?" त्यांनी विचारलं, आणि मोजायला लागल्या. ओठ हलत होते म्हणून मला कळलं. सहा. सात. आठ.

नवाला निवडणारी उठली. बोट बरं झालं होतं, पण ती ते मुठीतच ठेवायची. "सांगितलं होतं," ती म्हणाली. "मी तिथेच होते. पण खरं सांगू? मला त्यातलं ओरडणंच आठवतं. काय सांगितलं ते मलाही आठवत नाही." मग आवाज चढला. "आणि तुम्हाला काय हो! मला सहा महिने रक्त तपासत राहायला सांगितलंय. पोराचा पापा घ्यायची भीती वाटते मला. पोराचा!"

मुकादम खाली बघायला लागले. माफी मागितली नाही. मी वाट बघत होते, पण नाही.

त्यांच्या शेजारची ती फीत तोडणारी आया हळूच म्हणाली, "सुया टाकायचा डबा वॉर्डाच्या त्या टोकाला आहे. या टोकाला पेशंट हात झाडतो. एका हाताने त्याला धरायचं, दुसऱ्या हातात सुई. ठेवणार कुठे? खाटेवरच. मग वरून कुणीतरी चादर ओढतं."

"हे आधी का नाही सांगितलं?" लाँड्रीतून कुणीतरी खेकसलं.

"विचारलं कुणी?"

वन्संनी तेही लिहिलं. "विचारलं कुणी?" ते लिहिताना त्यांचा हात जरा हळू झाला होता.

पुढे तीन तास चाललं. गोडीगुलाबीने नाही, दात ओठ खाऊन. चहा दोनदा गार झाला. दोघीजणी रडल्या, एक मधेच उठून गेली आणि खुर्चीवर पिशवी राहिली म्हणून परत आली. शेवटी दोनच गोष्टी ठरल्या. सुयांचा डबा भिंतीवरून काढून ट्रॉलीवर बांधायचा. आणि दर सोमवारी दहा वाजता पहिली दहा गाठोडी वॉर्डाचा एक आणि लाँड्रीची एक, दोघांनी एकाच टेबलावर एकमेकांच्या देखत सोडायची.

"वॉर्डाकडून मी येईन," मुकादम म्हणाले. "पण या बाईशी मी बोलणार नाही."

"बोलू नका," वन्सं म्हणाल्या. "उभे राहा."

साहेबांनी चार महिने वाट पाहिली. सुई एकही आली नाही. लाँड्री राहिली.

त्यानंतर वन्संना स्वयंपाकघरवाल्यांनी बोलावलं, मग औषधांच्या कोठीवाल्यांनी. दुसऱ्यांच्या भांडणात बसून गप्प राहायचं, या कामासाठी आमच्या तोफेला माणसं न्यायला यायची. घरी मात्र मीठ मागताना पोरं अजून दचकायची. काही लोक विचारतात, मुकादमांशी शेवटी पटलं का? नाही पटलं. तीन वर्षं दर सोमवारी एकाच टेबलाशी उभे राहिले, पण एकदा "काय, कसं काय" नाही. मुकादम स्वतःहून कधी खाली आले नाहीत. दर वेळी वन्संना दोन जिने चढून बोलवायला जावं लागायचं. मी एकदा म्हटलं, "दुसरं कुणी जाईल की." तर म्हणाल्या, "दुसरं कुणी गेलं तर तो म्हणेल, मला कुणी सांगितलं नाही."

वन्संच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. छातीत कळ यायची, आम्हाला सांगितलं नाही. बुधवारी सकाळी चहाचा कप हातात असताना गेल्या.

त्या आठवड्यातल्या सोमवारचं मला निवडणारीने सांगितलं. ती भेटायला आली होती. म्हणाली, ताई जिन्यात दोनदा थांबल्या, दुसऱ्या वेळी कठड्याला धरून बराच वेळ. मग वॉर्डाच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

"दहा वाजले," त्या म्हणाल्या.

मुकादमांनी खांद्यावरचा पंचा खुंटीला लावला आणि दोन पायऱ्या पुढे चालत खाली आले. दोघांनी हातमोजे चढवले. दहा गाठोडी सोडली, एकेक चादर झटकून बघितली. दहाव्या गाठोड्यातही काही निघालं नाही. मुकादम वर गेले आणि वन्संनी टेबल पुसून घेतलं.